खंजिरी माझ्याकडं काऊन वळत नाही

माणसं एकाएकी चांगली वागायला लागली की मला संशय येतो. बायको गेली तेव्हापासून सगळं गाव माझ्याशी चांगलं वागतं. दूधवाला माप ओतून झाल्यावर वरून आणखी एक धार सोडतो. ज्या शेजाऱ्यानं जन्मात मला रस्ता दिला नाही, तो आता मोटारसायकल बाजूला घेऊन उभा राहतो. आणि आमच्या भजनमंडळाचं तर विचारूच नका. मला मधली जागा, पाठीला उशी, चहाचा पहिला कप.

मी सारी उमर जाम गावच्या चौकात पंक्चरचं दुकान चालवलं. चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण ट्यूब मला समजते. बाहेरून गोटीसारखी गुळगुळीत दिसते. ड्रायव्हर पोराची शपथ घेऊन सांगतो, काही नाही झालं, नुसती हवा भर. मी कोणाचं ऐकत नव्हतो. हवा भरायची आणि कापलेल्या ड्रममधल्या पाण्यात ट्यूब दाबून धरायची. भोक असलं की तिथून बुडबुडा येतो. माणसांना असं पाण्यात घालता येत नाही, हीच पंचाईत आहे.

आमचं मंडळ कटिंगच्या दुकानात बसतं. दुकानाचा मालकच आमचा पुढचा. म्हणजे खंजिरी त्याच्या हातात, ओळ तो म्हणतो. मागचे आम्ही ती ओळ उचलतो आणि शेवटचा सूर लांब ओढून धरतो, त्याला झील म्हणतात. मी झीलवाला. पुढं कधी बसलो नाही, बसायची हौसही नव्हती. पुढच्यानं श्वास घेतला की मागं सूर तुटू द्यायचा नाही, एवढं माझं काम. माझ्या उजव्या बाजूला एसटीतून रिटायर झालेला एक कंडक्टर बसतो. तो माझ्याच वयाचा, माझ्याच शाळेतला, आणि लहानपणापासून मला शिव्या देणारा.

सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा तालीम. स्पर्धा जवळ आली की रोज संध्याकाळी. खुर्च्या ढकलून कोपऱ्यात करायच्या, खालचे केस झाडून घ्यायचे, सतरंजी टाकायची. केस कितीही झाडले तरी थोडे राहतातच, आणि मांडी घालून उठलं की धोतराला कोणाकोणाचे केस चिकटलेले असतात. दोन्ही भिंतींना आरसे आहेत. त्यामुळं समोर पाहिलं तरी पाठीमागच्याचं तोंड दिसतं. आमच्या मंडळात कोणाला चोरून जांभई देता येत नाही.

आणि चुकताही येत नाही. आमच्या पुढच्याची एक रीत आहे, ती त्याच्या बापापासून चालत आली. कोणाचा सूर घसरला की तो काही बोलत नाही. पंजा खंजिरीवर दाबतो, आवाज तिथंच मरतो. मग खंजिरीचं तोंड त्या माणसाकडं वळवतो. त्या माणसानं ओळ एकट्यानं तीनदा म्हणायची, बाकीच्यांनी त्याच्याकडं पाहत बसायचं. तिसऱ्यांदा बरोबर आली तर खंजिरी पुन्हा वाजते. नाही आली तर दुसऱ्या दिवशी घरून पक्की करून यायचं. यात लहानमोठा नाही. सरपंचाच्या भावाकडं वळली आहे. माझ्याकडं तर कितीदा वळली त्याचा हिशेब नाही.

घरी पक्कं करून घेणारी माझी बायको होती. ती मंडळात कधी आली नाही, तिला गाता येत नव्हतं. पण ऐकता येत होतं. मी ओट्यावर बसून झील ओढायचो, ती आत चुलीपाशी. माझा सूर शेवटी खाली आला की भाकरी उलथायचा सराटा तव्यावर आपटायची आणि आतूनच म्हणायची, "पडली." बस, एवढंच. मी पुन्हा ओढायचो. पुन्हा "पडली." कधी मी चिडायचो, म्हणायचो, "तू येऊन म्हन मंग." ती म्हणायची, "मी कायले म्हनू? माह्यं काम भाकर करायचं हाये. तुमचं तुमी उचला." जेव्हा सराटा वाजायचा नाही, तेव्हा मला समजायचं, जमलं.

माझा एक कान ट्रकच्या हॉर्ननं आणि हवा भरायच्या मशीननं कामातून गेला आहे. दुसरा अर्धा. माझा स्वतःचा सूर मला आतून ऐकू येतो, बाहेर कसा जातो ते कळत नाही. ते ती सांगायची. आता मी ओट्यावर बसून झील ओढतो तेव्हा आतून काहीच येत नाही. त्याचा अर्थ काय लावायचा? जमलं, असा?

आम्हाला पोरबाळ नाही. अग्नी मीच दिला. दहाव्याला नदीवर आमच्या पुढच्यानंच माझं डोकं केलं. त्या दिवसापासून मी त्याच्या खुर्चीत बसलो नाही. दाढी घरीच ओढतो, पाण्याच्या बादलीत पाहून. वेडीवाकडी होते. कोणी हसत नाही, त्याचाही मला राग येतो.

यंदा तालुक्याच्या ठिकाणी खंजिरी भजनाची स्पर्धा आहे. त्याआधी वडनेरला एका घरभरणीचं भजन, आणि गावात साफसफाईच्या आठवड्यात रोज सकाळची फेरी. पुढच्यानं हे सगळं आरशाच्या कोपऱ्यात साबणानं लिहून ठेवलं आहे. गिऱ्हाईक दाढी करता करता ते वाचतं आणि विचारतं, यंदा नंबर येते का?

तालीम रोजची सुरू झाली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. मी दारात चप्पल काढायचो आणि आतलं बोलणं थांबायचं. हार्मोनियमवाला उगाच भाता पुसायचा. एकदा मी विचारलंच, "का चालू होतं?"

"काई नाई काकाजी," पुढचा म्हणाला. "कापसाच्या भावाचं."

"मंग बोला ना. कापूस का माह्यापासून लपवून ठेवाचा हाये?"

"बस ना बे बुढ्या," कंडक्टर म्हणाला. "आला नाई तं पंचायत सुरू. तुह्यासाठी चाय थांबली हाये."

चहा माझ्यासाठी थांबायला लागला, हेच तर मला खटकत होतं. आधी उशिरा आलो तर तळाशी उरलेला गाळ मिळायचा.

मग एका सोमवारी वडनेरचा एक माणूस येऊन बसला. चाळिशीचा असेल. स्वच्छ शर्ट, खिशात पेन. सतरंजीच्या काठाला बसला. पुढचा म्हणाला, घरभरणीचं ठरवायला आला आहे, असाच ऐकायला बसला. ठीक. पण दोन भजनं झाल्यावर तो बसल्या जागी झील धरायला लागला. काय आवाज होता! नवीन ट्यूबसारखा. कुठून सुटेना. मी समोरच्या आरशात पाहिलं. पुढच्यानं डोळ्यानं त्याला खूण केली, असंच ओढ. आणि लगेच माझ्याकडं पाहिलं, आणि खाली पाहिलं.

स्टेजवर किती माणसं बसवायची ते स्पर्धेवाल्यांनी बांधून दिलेलं असतं. आमचे तेवढे भरलेले आहेत. एक वाढला तर एक उठणार. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी घरी येताना मी कंडक्टरला म्हटलं, "मले काढून राह्यले का?"

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो."

"तुह्या डोक्यात हवा भरली हाये. कोनी काढत नाई तुले."

"मंग वडनेरवाला कायले आला?"

तो गप्प राहिला. कंडक्टर गप्प राहतो म्हणजे काहीतरी आहेच. एसटीत याला सुट्ट्या पैशावरून साऱ्या गाडीशी भांडताना लोकांनी ऐकलेला आहे.

मी विचार करत करत घरी आलो. काढत असतील तर काढा. म्हाताऱ्याचा आवाज जातो, त्यात रडायचं काय? माझंच दुकान मी हात थरथरायला लागले तेव्हा बंद केलं. पण दुसरीच एक गोष्ट मला टोचायला लागली. बायको गेली तेव्हापासून खंजिरी माझ्याकडं एकदाही वळली नव्हती. एकदाही नाही. सगळ्यांकडं वळायची. ढोलकीवाल्याकडं वळली, हार्मोनियमवाल्याकडं वळली, कंडक्टरकडं तर आठवड्याला. माझ्याकडंच नाही. म्हणजे दोनच गोष्टी. एक तर मी आता चुकतच नाही. नाही तर मी चुकतो आणि हे लोक मला सांगत नाहीत.

मला स्टेजवर बसवा की उतरवा, पण माझा सूर पडतो की राहतो, एवढं मला खरं पाहिजे होतं. घरात ते सांगणारं आता कोणी नाही. दुकानातही नसेल, तर मी भिंतीशी गातो आणि माणसांत बसून गातो, यात फरक काय राहिला?

मग मी ठरवलं, यांना ड्रममध्ये दाबायचं.

दुसऱ्या दिवशी तालमीत सकाळच्या फेरीचं भजन चाललं होतं. पुढच्यानं ओळ सोडली, आम्ही उचलली. शेवटचा सूर आला आणि मी मुद्दाम खाली पाडला. थोडासा नाही. चांगला धपकन, विहिरीत बादली सोडावी तसा. वडनेरवाला दचकला, ते मला आरशात दिसलं. ढोलकीवाल्याचा हात अडखळला. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. पुढचा वाजवत राहिला.

मी म्हटलं, बरं. पुढच्या ओळीला पुन्हा पाडला. आणखी खाली.

आता पुढच्यानं पंजा दाबला. खंजिरी थांबली.  मी पाठ ताठ केली. खरं सांगतो, मला आनंद झाला. आली, म्हटलं, आली माझ्याकडं.

खंजिरी वळली. कंडक्टरकडं.

दुकानात सगळ्यांना माहीत होतं कोण घसरलं ते. कंडक्टरला सगळ्यात जास्त माहीत होतं, त्याच्या कानाशीच तर मी पाडला होता. त्यानं हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले आणि ओळ एकट्यानं म्हटली. पहिल्यांदाच बरोबर. तरी दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. शाळेत मास्तरसमोर पाढे म्हणावे तशी. आणि बाकीचे सगळे, रीत म्हणून, त्याच्याकडं पाहत बसले. आरशात पाहिलं तर माझ्याकडं कोणीच पाहत नव्हतं. इकडच्या आरशात नाही, तिकडच्या आरशात नाही.

बुडबुडा आला होता.

खंजिरी पुन्हा वाजणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब."

"का झालं काकाजी? पानी पाह्यजे?"

"पानी नाई पाह्यजे. त्यानं मार काऊन खाल्ला माह्या वाटचा?"

"कोनता मार?"

"मले येडा समजू नको. झील मी पाडली. दोनदा पाडली. जानून पाडली. खंजिरी याच्याकडं काऊन वळवली?"

पुढचा खंजिरीच्या चकत्या बोटानं हलवत बसला. मग कंडक्टरच बोलला. "जानून पाडली? बुढ्या, तू जानून पाडली?"

"हाव."

"साल्या, मले वाटलं रोजच्यासारखी पडली."

तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण निघालं ते निघालं. रोजच्यासारखी. म्हणजे रोज पडते.

मी म्हटलं, "कधीपासून?"

हार्मोनियमवाला भाता पुसायला लागला.

"आरे कधीपासून? तोंडं शिवली का तुमची?"

"वहिनी गेली तेव्हापासून," कंडक्टर म्हणाला. आता त्याचा आवाजही चढला होता. "आमी ठरवलं, वरसी होईस्तोवर याले काई म्हनाचं नाई. यानं बोलाचं नाई, त्यानं बोलाचं नाई. तुह्यी झील पडली की मी माह्यी जोरात ओढतो, झाकून घेतो. रोज घसा बसते माह्या. घरची म्हनते, गावाले भजन ऐकवता का भांडता? मंग मीच म्हनलं, वडनेरचा आना, मले एकट्याले झाकनं होत नाई. तो तुह्या जागेवर नाई आला. तुह्यावर झाकन म्हनून आला. स्टेजवर कोन बसन ते अजून ठरलंच नाई."

वडनेरवाला मान खाली घालून खिशातलं पेन चाचपत होता. बिचाऱ्याला कशात आणून बसवलं होतं!

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. या लोकांनी माझ्यासाठी घसा फोडून घेतला, हे मला समजत होतं. तरी रागच आला. "मी मेलो नाई," मी म्हटलं. "ती मेली. तुमी मलेच मेल्यात धरून चालले. मेलेल्यालेच कोनी चुकला म्हनत नाई. ती असती तं पह्यल्या दिवशी सराटा आपटला असता तिनं. आता तिनं तं आपटनं बंद केलं. मंग कोन आपटनार?"

पुढच्यानं वर पाहिलं. आरशात नाही, सरळ माझ्याकडं. "मंग का करू काकाजी?"

"खंजिरी वळव."

"काकाजी..."

"वळव म्हनलं ना. तुह्या बापानं माह्याकडं वळवली हाये. तुले का जड जाते?"

त्यानं वळवली. हळूच, पण वळवली. इतक्या दिवसांनी तिचं ते काळपट चामडं समोर आलं. मी ओळ म्हटली, झील ओढली. मला आतून बरोबर वाटली. मी त्याच्याकडं पाहिलं.

"पडली," तो म्हणाला.

आमच्या रीतीत तो बोलत नसतो. तरी बोलला. आणि शब्द तोच काढला. त्याला तो कुठून माहीत असणार? पडलेल्याला पडलीच म्हणतात, दुसरं काय म्हणणार. 

दुसऱ्यांदा ओढली. "पडली." तिसऱ्यांदा जीव लावून ओढली, गळ्याच्या शिरा ताणल्या. सगळे माझ्याकडं पाहत होते. दोन्ही आरशांत सगळी तोंडं माझ्याकडं. एकानंही नजर खाली केली नाही. "पडली काकाजी. शेवटी आवाज तुटते. श्वास पुरत नाई, आन तुमी सोडाच्या आधी घाबरता."

"सुधरते का?"

"मले माहीत नाई."

हे उत्तर मला आवडलं. "आन नाई सुधरली तं?"

"तं स्टेजवर वडनेरवाले बसतीन. तुमी खाली बसान. मी तोंड पाहून बसवनार नाई."

"नको बसवू," मी म्हटलं.

"सकाळी येजा. दुकान उघडाच्या आधी. दाढी पाहा ना कशी झाली, शेळीनं कुरतडल्यासारखी."

तेव्हा सगळे हसले. पहिल्यांदा हसले. कंडक्टर सगळ्यात मोठ्यानं. आणि चहा आला तेव्हा त्या हरामखोरानं पहिला कप स्वतः उचलला.

रात्री मी विचार केला, जावं की नाही. हे पण दया म्हणूनच करत असेल तर? माणसाचं काही सांगता येत नाही. सकाळी तरी पाय तिकडंच वळले.

शटर अर्धंच वर होतं. त्यानं मला खुर्चीत बसवलं. नदीनंतर पहिल्यांदा. गळ्याभोवती कापड बांधलं, गालांना फेस लावला, वस्तऱ्यात नवीन ब्लेड घातलं. मग म्हणाला, "आता ओठ मिटून सूर धरा. शेवटचाच."

"वस्तरा चालू असताना?"

"हाव. गळा हलला की माह्या हाताले समजते. तुमच्या कानाले समजत नाई, तं माह्या हातानं पाहू."

मी आरशात त्याच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांत दया आहे का, ते शोधलं. त्याचं लक्ष माझ्या डोळ्यांकडं नव्हतंच. गळ्याकडं होतं. जशी मी ट्यूब पाहायचो, तसा तो पाहत होता.

मी ओठ मिटले आणि सूर धरला. वस्तरा कानाखालून खाली यायला लागला. बाहेर चौकात ट्रक गिअर बदलत होते. मी हलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून श्वास जपून सोडला, घाबरलो नाही. घाबरायला जागाच नव्हती. सूर राहिला, राहिला, आणखी थोडा राहिला. मग हनुवटीखाली कुठंतरी आतून थरथर आली, आणि वस्तऱ्यानं बारीक चिमटा काढला.

"पडली," तो म्हणाला. "पन कालच्यापेक्षा पुढं जाऊन पडली."

त्यानं तुरटी चोळली. तुरटी झोंबते, डोळ्यांत पाणी येतं. मी पुसलं नाही, हात कापडाखाली होते. त्यानं ते आरशात पाहिलं. नजर वळवली नाही.

घरभरणी पुढच्या आठवड्यात आहे. स्पर्धा त्याच्यानंतर. आरशाच्या कोपऱ्यात साबणानं लिहिलेलं तसंच आहे, माझ्या तोंडाच्या शेजारी. तेव्हा मी कुठं बसलेलो असेन ते आज मला माहीत नाही, त्यालाही नाही.

त्यानं माझी मान धरून दुसरीकडं वळवली, फेसाचा ब्रश पुन्हा ओला केला.

"आता उजवा गाल," तो म्हणाला. "पुन्हा."

मी ओठ मिटले.